काटा

रात्री दीडला दोडामार्गाहून केळ्यांचा ट्रक आला
तुर्भ्याच्या फळबाजारात.
मी काट्यावर होतो. माझं काम एवढंच:
भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
आणि दोन्हींतला फरक.

तिसऱ्या थरातल्या घडाला हात घालून गुणाजी थबकला.
साठ किलोची गोण मानेवर घेऊन जो शीळ घालतो
तो अगदी हळू म्हणाला,
"बाबू, ह्या घडाला डोळं हायती."

बॅटरी मारली.
मांजराचं पिल्लू म्हणावं तर शेपूट नाही,
माकड म्हणावं तर उडी नाही.
काटक्यांचे हातपाय, आणि चेहरा असा
की उसने मागायला आलेल्या माणसाने
दारातच विचार बदलावा.

पावलू ड्रायव्हर केबिनमधून उतरला.
"वनमाणूस आसा तो. आधी बॅटरी बंद कर.
लाजता."
बंद केली.
अंधारात आम्हीही जरा लाजलो.

मग तो निघाला. निघाला म्हणजे
एक हात उचलला
आणि कुठे ठेवायचा ते ठरवत राहिला.
तोवर समोरच्या गाळ्यात
पपईचा अख्खा टेम्पो रिकामा झाला.
दुसरा हात.
दोघेजण भांडले, चहा पिऊन परत आले.
तिसऱ्या हाताला (पाय म्हणवत नाही त्याला)
गुणाजीचं बोट लागलं,
ते त्याने धरलं.

"वडू नकात," पावलू म्हणाला, "मोडात."

मागे चार ट्रक, चार हॉर्न.
मुकादम शिव्या देत आला,
पाहिलं, आणि उरलेली शिवी विसरून गेला.
गुणाजी उभा.
उभं राहण्याची मजुरी ज्याला जन्मात मिळाली नाही
तो बोट पुढे करून उभा,
मतदानाची शाई लावून घ्यायला धरतात तसं.

घणसोलीकडून एकजण मोटारसायकलवर आला.
त्याला कुणी कळवलं, देव जाणे.
म्हणाला, परवा अमावस्या आहे,
डोळ्यांचे वेगळे, अंगाचे वेगळे.
आकडा सांगितला.
मी आकड्यांचा माणूस, मनात भागून पाहिला:
गुणाजीच्या मानेवरच्या नऊ महिन्यांच्या गोण्या.
गुणाजीनेही भागला असणार.
बोट हललं नाही.
"माल आजून उतरला न्हाय," तो म्हणाला.

ठाण्याहून वनखात्याची गाडी निघाली होती.
मला वजन हवं होतं. कशाला विचारू नका, सवय.
गुणाजी पावलं मोजत मोठ्या काट्यावर आला.
काट्याने सत्तर दाखवले, एकट्या गुणाजीचे.
दहा किलोच्या आतलं
आमच्या काट्याला दिसत नाही.

मसाला बाजारातून वेलदोड्याचा काटा आणला.
त्याच्या ताटलीत आता यानेच उतरायचं होतं.
साडेचारच्या सुमारास कधीतरी,
सगळे टक लावून असताना कुणालाही न दिसता,
एकेक बोट सुटत गेलं.
एकशे ऐंशी ग्रॅम.
त्यात डोळे किती, ते वेगळं काढता येईना.

गाडी आली, जाळीची पेटी आली, सही झाली.
रजिस्टरात 'मालाचा प्रकार' या रकान्यात
मी पेन टेकवून बसलो.
शाईचा ठिपका पसरत गेला. तो तसाच आहे.
चाळीस मिनिटांचा खोळंबा माझ्या नावावर पडला,
तोही आहे.

गुणाजीच्या बोटाला दोन दिवस वास होता.
वनखात्यातला पोरगा सांगून गेला होता,
पकड सुटू नये म्हणून तो
स्वतःचंच मूत हातांना चोळतो.
गुणाजी म्हणाला, आमी थुकतो की.

चौथ्या दिवशी पावलूचा फोन.
मागे कुठेतरी करवत चालू होती,
रबराच्या लागवडीसाठी डोंगर मोकळा करतायत म्हणाला.
मग, ओरडून:
"सोडल्यानी त्येका?"
सोडलं असेल, म्हटलं.
"खंयच्या झाडार?"